पाच नंबरचा चोर

परतुरात मला खोली मिळाली ती माझ्या चिखलाने भरलेल्या बुटांमुळे. हे मी आजही लोकांना सांगते आणि आजही कुणी विश्वास ठेवत नाही.

मोजणी खात्यात भूकरमापक म्हणून मी नव्यानेच रुजू झाले होते. दिवसभर लोकांचे बांध मोजायचे आणि संध्याकाळी स्वतःसाठी खोली शोधायची, असं दोन आठवडे चाललं होतं. सरकारी नोकरीतली एकटी मुलगी म्हटल्यावर घरमालकिणी आधी खूश व्हायच्या. मग आडनाव विचारायच्या. आडनाव ऐकलं की त्यांना एकदम आठवायचं, खोली तर कालच कुणाला तरी कबूल केली. एका बाईंनी माझ्यासमोर खोली झाडून घेतली, चहाला आधण ठेवलं, आणि तेवढ्यात त्यांच्या भाच्याची परतूरला बदली झाली. चहा उकळायच्या आत एवढ्या जल्दी झालेली बदली मी सरकारी खात्यात कधी पाहिली नाही.

सरदारजींचं वेल्डिंगचं दुकान मंठा रोडला होतं आणि घर दुकानाच्या मागेच. मी विचारायला गेले तेव्हा ते घराच्या पायरीवर बसले होते. निळी पगडी, छातीपर्यंत आलेली पांढरी दाढी, खांद्यावर केशरी फडकं. मी नमस्कार केला तर त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही, पायांकडे पाहिलं.

“सातोन्याकडं गेल्ती का?”

मी चकित होऊन हो म्हटलं. तिकडचा गाळ असाच बसतो, असं म्हणत त्यांनी बूट काढायला सांगितले. मला वाटलं, घरात जायचं म्हणून काढायचे असतील. काढले, तर त्यांनी ते उचलून मांडीवर घेतले आणि केशरी फडक्याने पुसायला सुरुवात केली. सत्तरीचा माणूस माझे बूट पुसतोय हे बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी एक बूट ओढला, त्यांनीही ओढला. शेवटी ते शांतपणे म्हणाले, सोड पोरी, मला माझं काम करू दे.

बूट चकचकीत झाल्यावर त्यांनी दोनच प्रश्न विचारले. एकटी जेवतेस का, आणि खोटं बोलतेस का. मी इतकी गोंधळले होते की दोन्हींना हो म्हणून बसले. फडकं खांद्यावर टाकत ते म्हणाले, दुसऱ्याचं बघू हळूहळू, पण पहिलं या घरात बिलकुल चालणार नाही. माझं आडनाव त्यांना कळलं ते दीड महिन्याने, माझं पार्सल आलं तेव्हा. कळल्यावर त्यांनी त्या पार्सलवाल्याला जेवायला बसवलं.

बूट पुसण्याचा उलगडा मला बीजींनी करून दिला. बीजी म्हणजे त्यांच्या पत्नी. गुरुद्वारात येणाऱ्यांचे जोडे सांभाळणं आणि पुसणं ही मोठी सेवा मानतात, मनातला मोठेपणा त्याने उतरतो म्हणे. परतुरात गुरुद्वारा नाही. दुसरा कुणी असता तर वर्षातून दोनदा नांदेडला जाऊन समाधान मानलं असतं. सरदारजींनी सगळा तालुकाच गुरुद्वारा ठरवून टाकला. लग्न असो, विहारातला कार्यक्रम असो, सप्ताह असो की उरूस, सरदारजी आत जायचेच नाहीत. दाराशी जोड्यांच्या ढिगापाशी मांडी घालून बसायचे आणि एकेक जोडी पुसून ओळीने लावायचे. जेवणावळ उठली की लोकांना आपल्या चपला ओळखू यायच्या नाहीत. इतक्या स्वच्छ चपला आपल्या असणं शक्य नाही, म्हणून काहीजण शेजारची मळकी जोडी घालून निघून जायचे.

एका लग्नात यावरून मोठाच प्रसंग झाला. नवऱ्यामुलाचे जोडे लपवायला करवल्या आल्या, तर तिथे सरदारजी बसलेले. जोडे माझ्या जबाबदारीवर आहेत, चोरीला जाऊ देणार नाही, असं त्यांनी सांगून टाकलं. पोरींनी विनवण्या केल्या, ही गंमत असते म्हणून समजावलं. नवरीच्या धाकट्या बहिणीला रडू फुटलं. सरदारजी हलेनात. शेवटी नवरीचे वडील मंडपातून आले आणि तोड निघाली. नवऱ्यामुलाने बोहल्यावर बसल्या बसल्या पत्रिकेच्या मागे लिहून दिलं की माझे जोडे चोरायला माझी हरकत नाही. मग सरदारजींनी दोन्ही जोडे पुन्हा एकदा पुसून चोरांच्या हवाली केले.

दुपारच्या जेवणाची तर वेगळीच तऱ्हा होती. वाटून खायचं, म्हणजे कुणीतरी सोबत असल्याशिवाय घास तोंडात घालायचा नाही, हा त्यांचा नेम. दुकानात गिऱ्हाईक असलं की प्रश्न नव्हता. ट्रॉलीचा सांधा तुटला म्हणून आलेला माणूस पिठलं-भाकरी खाऊनच परत जायचा. पण गिऱ्हाईक नसलं की एक वाजता सरदारजी रस्त्यावर उभे राहायचे आणि येणाऱ्या गाडीला हात करायचे. ट्रकवाल्यांना तपासणी वाटायची. ते कागद काढून खाली उतरायचे आणि सरदारजी त्यांना हात धुवायला तांब्या द्यायचे. एकदा वऱ्हाडाचा अख्खा टेम्पो थांबला, त्यानंतर बीजी दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. गल्लीतली माणसं एक ते दोनच्या दरम्यान त्या बाजूने जायचं टाळायची, कारण घरून जेवून निघालो ही सबब सरदारजींकडे चालत नसे. मी तर हातातलीच होते. बांध मोजता मोजता कधी गावात कुणी जेवायला घातलं तर घरचं चुकलेलं जेवण धरून संध्याकाळी मला दोनदा जेवावं लागायचं. पहिल्या वर्षात माझे सगळे ड्रेस घट्ट झाले.

ते शीख असले तरी पंजाबी त्यांना धड येत नव्हती. निजामाच्या काळात त्यांचे आजोबा इकडे आले, तेव्हापासून घरात आमचीच भाषा. गव्हाच्या हंगामात पंजाबातून हार्वेस्टरवाले यायचे आणि पगडी बघून आनंदाने घडाघडा बोलायला लागायचे. सरदारजी ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, भाऊ, जरा हळू बोला, लई फास्ट बोलून राह्यले तुम्ही.

खोटं बोलायचं नाही हा दुसरा नेम, आणि धंद्यात तो फार महागात पडायचा. काम झालं नसलं की गावातले सगळे कारागीर उद्या या म्हणतात. वीज नव्हती म्हणतात, माणूस आला नाही म्हणतात. सरदारजी म्हणायचे, मला काल कंटाळा आल्ता.  यावर भांडायचं कसं हेच कुणाला माहीत नसायचं. बायका घरी काही खायला घेऊन आल्या की बीजी सरदारजींना आधीच मागच्या खोलीत पाठवून द्यायच्या, कारण पोळी कशी झाली असं कुणी विचारलं तर ते सांगायचे.

पण या सगळ्यापेक्षा मला मजा वाटायची ती त्यांच्या हजेरीची. पहाटे चारला उठून थंड पाण्याने अंघोळ, मग तासभर मोठ्या आवाजात पोथीचा पाठ. गल्लीतल्या कुणाकडे गजराचं घड्याळ नव्हतं, गरजच नव्हती. पाठ झाला की चहा, आणि चहाबरोबर हजेरी. माणसाच्या आत पाच चोर असतात: काम, क्रोध, लोभ, मोह, अहंकार. सरदारजींनी त्यांना नंबर दिले होते आणि आदल्या दिवशी कोण कोण येऊन गेलं हे ते बीजींना सांगायचे. काल दोन नंबर दोनदा आला, एकदा व्होल्टेज कमी झाल्यावर आणि एकदा तुझ्या भावाचा फोन आला तेव्हा. तीन नंबर स्टँडवरच्या जिलबीपाशी भेटला. चार नंबर नातवाच्या व्हिडिओ कॉलमध्ये होता. एक नंबराबद्दल त्यांनी माझ्यासमोर कधी काही सांगितलं नाही. बीजी म्हणायच्या, त्याला आता पेन्शन दिली.

पाच नंबर मात्र कधीच यायचा नाही. सरदारजी समाधानाने सांगायचे, जोडे पुसून पुसून तो पार झिजला, मागच्या दाराने पळून गेला. बीजी यावर काही बोलायच्या नाहीत. त्या कप उचलून आत जायच्या, आणि कप उचलायची त्यांची एक तऱ्हा होती.

या घरात मी सुखात होते, आणि नेमक्या तेव्हाच अण्णांचा फोन आला की खोली बघायला येतो.

अण्णा म्हणजे माझे वडील. कुंभार पिंपळगावजवळ आमचं गाव. अण्णा प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले, गणिताचे मास्तर, आणि स्वभावानेही गणिताचेच. नोकरीच्या सुरुवातीला एका गावात त्यांना खोली मिळाली होती. आठ दिवसांनी आडनाव कळलं आणि मालकाने त्यांचा पलंग बाहेर आणून ठेवला. त्या पलंगावर बसून त्यांनी बैलगाडीची वाट पाहिली होती. ते त्यांनी आम्हाला एकदाच सांगितलं, पण भाड्याची खोली या शब्दावर त्यांचा विश्वास उरला नव्हता. फोनवर त्यांनी सरळ सांगितलं की मी स्वतः बघीन, आणि तुझा पाणउतारा होईल असं काही दिसलं तर त्याच दिवशी सामान उचलायचं. पुढे रोज एसटीने ये-जा करायची. दिवसाचे चार तास खडखडाटात गेले असते, पण मला त्याहून मोठी धास्ती वेगळीच होती. या दोन म्हाताऱ्यांना सोडून जावं लागलं असतं.

आणि अडचण होती ती अण्णांच्या बुटांची. माझे आजोबा गावातल्या मोठ्या घरासमोरून जाताना जोडे काढून हातात घेऊन जायचे. घ्यावेच लागायचे. अण्णांनी पहिल्या पगारात काळे बूट घेतले आणि त्याच घरासमोरून ते वाजवत गेले. तेव्हापासून त्यांचे बूट ते स्वतः रोज पॉलिश करतात. आईने कधी हात लावलेला मला आठवत नाही. आमच्या घरात कुणी कुणाचे जोडे उचलायचे नाहीत, हा कायदा आहे. आता हे अण्णा सरदारजींच्या पायरीशी येणार, आत पोथीची खोली म्हणून बूट बाहेर काढणार, आणि सरदारजी त्यावर झडप घालणार. पुढचं मला दिसत होतं.

बीजींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, त्यांना त्या दिवशी मंठ्याला काम काढून पाठवते. पण पाहुणा येणार हे कळल्यावर सरदारजी मंठ्याला कशाला जातील. ते तर सकाळपासून नवीन फडकं घेऊन बसले होते. मग मी माझी अक्कल चालवली. अण्णा आले, बूट काढून आत गेले, सरदारजी पाणी आणायला वळले, तेवढ्यात मी ते बूट उचलले आणि माझ्या खोलीतल्या लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावलं.

जेवायच्या आधी सरदारजी पायरीवर जाऊन आले. परत येऊन त्यांनी अण्णांच्या पायांकडे बघितलं.

“मास्तर, अनवाणी आल्ते का तुम्ही?”

अण्णा उठून बाहेर गेले. सरदारजींच्या चपला होत्या, बीजींच्या होत्या, माझे बूट होते. त्यांचे तेवढे नव्हते. अण्णा उंबऱ्यात तसेच उभे राहिले आणि त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता तसा झाला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी काय करून ठेवलंय. अण्णांच्या आयुष्यात त्यांची वस्तू इतरांच्या वस्तूंमधून वेगळी काढून ठेवायचं कारण एकच असायचं.

“माझेच बूट कुणी बाजूला केले?” त्यांनी विचारलं. आवाज अगदी हळू होता. “सामान बांध, बाई.”

मी रडत रडत सगळं सांगितलं. किल्ली सापडेना, ती माझ्याच हातात होती. बूट आणून अण्णांसमोर ठेवले, आणि अण्णा ते घालायला वाकणार एवढ्यात सरदारजींनी एक उचलला. हा माणूस अशा वेळीसुद्धा थांबू शकत नव्हता. ते पायरीवर बसले, बूट मांडीवर घेतला आणि फडकं फिरवायला लागले.

“खाली ठेवा ते,” अण्णा म्हणाले.

सरदारजींनी सेवेचं समजावून सांगितलं. अण्णांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, माझ्या बापाने जोडे हातात घेऊन जन्म काढला, तेव्हा जोड्यांचं मला शिकवू नका.

“मला खरं सांगा, सरदारजी. ‘बघा, मी ह्यांचेसुदिक जोडे पुसतो,’ असं मनात न्हाई येत तुमच्या?”

मी डोळे मिटले. कुणीही दुसरा असता तर छे छे, भलतंच काय, असं म्हणून मोकळा झाला असता आणि त्यातच माझी खोली वाचली असती. पण सरदारजींना खोटं बोलता येत नव्हतं. त्यांचं फडकं थांबलं. 

“थोडं येत असंल,” ते म्हणाले.

आतून बीजींचा आवाज आला, “पाच नंबर.”

इतकी वर्षं त्या कप उचलताना जे बोलायच्या नाहीत ते हे होतं. सरदारजी ओशाळले. दाढीच्या आत माणूस लाल होतो का हे मला आधी माहीत नव्हतं. अण्णांनी पाच नंबर म्हणजे काय विचारलं, तर सरदारजींनी पाचही चोर नंबरवार सांगितले आणि पाचवा घरातून पळाला होता असं मी समजत होतो, तो इथंच मांडीवर बसलाय, हेही कबूल करून टाकलं. अण्णांनी सगळं नीट ऐकलं. वर्गात एखाद्या पोराने चुकलेलं गणित स्वतःहून पुसलं की ते असेच बघायचे.

मग ते पायरीवर सरदारजींच्या शेजारी बसले आणि त्यांनी हात पुढे केला.

“फडकं द्या. आन् तुमच्या चपला कोणत्या?”

सरदारजी दचकून उठलेच. नाही नाही, तुम्ही पाहुणे, तुम्ही मास्तर, माझ्या चपला काय, वेल्डिंगच्या ठिणग्यांनी जळलेल्या, हात लावायच्या लायकीच्या नाहीत. सगळ्या तालुक्याचे जोडे पुसलेला माणूस आपल्या चपला पाठीमागे लपवत होता. बीजी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या आणि त्यांच्या तोंडावर जे हसू होतं त्यासाठी मी वर्षभराचं भाडं आगाऊ दिलं असतं.

“तुमच्यात सगळे बराबर ना?” अण्णा म्हणाले. “मंग दर खेपेला तुम्हीच खाली बसायचं, हे कसं बराबर? देणारा खाली बसला तरी वरच ऱ्हातो, सरदारजी. आणा इकडं.”

 सरदारजींनी एक चप्पल पुढे केली. अण्णांनी ती मांडीवर घेतली. ठिणग्यांनी पडलेली भोकं, टाचेशी घासून कागदासारखा झालेला रबर. अण्णांनी ती आधी झटकली, मग पट्टे पुसले, मग तळ. कुणाच्या जोड्याला हात लावायचा नाही हा कायदा ज्यांनी केला ते हे करत होते, आणि त्यांच्या हाताला कसलीही घाई नव्हती. सरदारजी मात्र दाढ काढायला बसल्यासारखे खांब धरून बसले होते. ओठ हलत होते, वाहेगुरू वाहेगुरू चाललं होतं, आणि पगडीखालून घामाची धार गालावर आली होती. दुसरी चप्पल अण्णांनी मागितली तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. ते म्हणाले, मास्तर, आज एकच ऱ्हाऊ द्या, माझ्याच्यानं दुसरी व्हायची न्हाई. अण्णांनी फडकं घडी करून परत दिलं.

मग आम्ही जेवलो, एका ओळीत. अण्णांनी भाकरी पुन्हा मागून घेतली, ठेचा कुणी वाटला हे विचारलं. सामानाचं कुणीच काही बोललं नाही. मी मात्र प्रत्येक घासाला त्यांच्याकडे बघत होते, आणि ते मुद्दाम माझ्याकडे बघत नव्हते. हात धुताना सरदारजींनी विचारलं, पुन्हा कधी येणार. अण्णा म्हणाले, एक चप्पल राहिलीय ना.

मी त्यांना स्टँडवर सोडायला गेले. गाडी लागलेली होती, पण ते चढेनात. आपल्या बुटांकडे बघत उभे होते. त्यातला एकच पुसलेला होता. माझ्याच्याने राहवेना. मी विचारलं, अण्णा, सामान बांधू का?

“माझ्या बापाकडून गावानं जन्मभर काम करून घेतलं,” अण्णा म्हणाले. “घेताना कुणाला कधी काही वाटलं न्हाई. ह्या माणसाला एक चप्पल पुसून घेताना घाम फुटला. तू इथंच ऱ्हा.”